शाळा खाजगी की जिल्हा परिषदेची? : एक अभ्यास



दरवर्षी मार्च-एप्रिल महिना आला की आमच्या मंडळाच्या रविवारच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "पोराचं नाव कोणत्या शाळेत टाकावं?" विचारणारे बांधव कोण असतात? कोणी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला असतो, कोणी मोसंबीच्या बागेत सालगडी, कोणी बियाण्याच्या कंपनीत रोजंदारीवर, तर कोणी शिपाई, कंडक्टर वा शिक्षक. प्रत्येकाच्या मनात एकच ओढ असते की जे आपल्या वाट्याला आले ते मुलांच्या वाट्याला येऊ नये. ही ओढ रास्त आहे. परंतु ओढ रास्त असली म्हणजे त्यापोटी घेतलेला प्रत्येक निर्णय बरोबर असतोच असे नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यातील एका बांधवाने मुलीला इंग्रजी शाळेत घातले. फीसाठी सावकाराकडून शेकडा तीन रुपये दराने पैसे उचलले. मुलगी चौथीत गेली. एका बैठकीत आम्ही कौतुकाने तिच्या हाती मराठी वर्तमानपत्र दिले, तर तिला चार ओळी नीट वाचता आल्या नाहीत. इंग्रजी पुस्तकातला धडा मात्र तिने घडाघडा म्हणून दाखवला. "बेटा, याचा अर्थ काय गं?" असे विचारताच ती गप्प झाली आणि वडिलांनी मान खाली घातली. त्याच बैठकीत जिल्हा परिषद शाळेतील पाचवीच्या एका मुलाला आम्ही भागाकाराचे साधे उदाहरण घातले. त्यालाही ते आले नाही. म्हणजे एका घरी पैसेही गेले आणि शिक्षणही आले नाही. दुसऱ्या घरी पैसे वाचले, पण शिक्षण तिथेही आले नाही.

त्या दिवसापासून आम्ही काही सभासदांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करायचे ठरवले. त्यातून जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः पालक आणि विद्यार्थ्यांपुढे, ठेवीत आहोत.

'खाजगी' म्हणजे नेमकी कोणती शाळा?

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आपण 'सरकारी' आणि 'खाजगी' असे दोनच प्रकार मानतो. प्रत्यक्षात आपल्या जिल्ह्यात मुख्यतः तीन प्रकारच्या शाळा आहेत. पहिला प्रकार जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका किंवा शासनाची शाळा. दुसरा प्रकार खाजगी अनुदानित शाळा. ही संस्थेची असते, पण शिक्षकांचा पगार शासन देते. खेड्यातली अनेक हायस्कुले याच प्रकारची आहेत. तिसरा प्रकार विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळा. तिचा सारा खर्च पालकांच्या फीमधून निघतो. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. त्याने शासनाच्या अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांना रीतसर वाट मिळाली आणि तालुक्याच्या गावापर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळा पोहोचल्या. जेव्हा एखादा बांधव "खाजगी शाळा परवडेल का?" असे विचारतो तेव्हा तो या तिसऱ्या प्रकाराविषयी विचारत असतो. या लेखात 'खाजगी' हा शब्द आम्हीही त्याच अर्थाने वापरला आहे.

थोडा इतिहास

शाळा कोणाच्या मालकीची आहे एवढ्यावरून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली ती सरकारची नव्हती. आपल्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभारली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात काम केले, तेही मिशनचे काम होते. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिने १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला कॉलेज हा शब्दही ठाऊक नव्हता. अशा प्रदेशात आपल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर मिलिंदमधून बाहेर पडला. या सर्व संस्था सरकारी नव्हत्या, पण ज्यांना दार बंद होते त्यांच्यासाठी दार उघडणे हा त्यांचा हेतू होता.

आता दुसरी बाजू पाहू. बाबासाहेब स्वतः कोणत्या शाळांत शिकले? प्राथमिक मराठी शिक्षणानंतर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत पहिल्या इंग्रजीच्या वर्गात त्यांचे नाव दाखल झाले. हाच दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईत ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. हे हायस्कूलही सरकारीच होते. त्या शाळांत त्यांना अपमान सोसावा लागला हे आपण जाणतो. तरीही दार कायद्याने उघडे होते म्हणून ते आत जाऊ शकले.

म्हणूनच १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी आकडे देऊन दाखवले की सरकार शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीमधूनच वसूल करते. हा शिक्षणाचा व्यापार होय, आणि मागे राहिलेल्या वर्गांना शिक्षण जास्तीत जास्त स्वस्त मिळाले पाहिजे, असे त्यांनी तेथे मांडले. पुढे २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मोफत शाळा ही कोणी घातलेली भीक नसून तीन-चार पिढ्यांनी झगडून मिळवलेला हक्क आहे.

खर्चाचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. खालील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा वर्षाची फी १८,००० रुपये, शाळेची गाडी ७,०००, पुस्तके, वह्या, गणवेश आणि बूट मिळून ५,०००, स्नेहसंमेलन, सहल व परीक्षा यांचे २,००० आणि शिकवणीचे महिना ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ५,०००. एकूण ३७,००० रुपये झाले. पालक दाखल्याच्या वेळी पहिला आकडाच धरतात. बाकीचे चार आकडे वर्षभरात हळूहळू कळतात, आणि त्यांची बेरीज फीपेक्षा एका हजाराने जास्त, म्हणजे १९,००० भरते.

नर्सरी, दोन वर्षे केजी आणि पुढे दहावीपर्यंत अशी तेरा वर्षे धरली तर, फी एका रुपयानेही वाढली नाही असे मानूनसुद्धा, ४,८१,००० रुपये होतात. दोन मुले असतील तर ९,६२,०००. ज्या घराची मिळकत महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,००० आहे, त्या घरात एका मुलामागे चौथ्या हिश्शाहून अधिक आणि दोन मुलांमागे निम्म्याहून अधिक मिळकत शाळेवर जाईल. आणि हे पैसे शेकडा तीनने उचलले तर ३७,००० रुपयांवर महिन्याला १,११० रुपये व्याजच. वर्षाचे १३,३२०.

हा पैसा कोठून येतो हेही पाहिले पाहिजे. आमच्या पाहण्यात असे आले की तो पहिल्याने दुधातून, भाजीतून, आजारपणाच्या औषधातून आणि बहुतेक वेळा मुलीच्या शिक्षणातून येतो. मुलगा इंग्रजी शाळेत आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेत, अशी घरे आपल्या वस्तीत आहेत. आईबापांना विचारले तर ते म्हणतात, "दोघांचं झेपत नाही." मग मुलाचेच झेपते आणि मुलीचे झेपत नाही, हे कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरी शोधावे.

फी दिल्याने शिक्षण वाढते काय?

खाजगी शाळेतील मुले परीक्षेत पुढे दिसतात हे खरे. पण त्या मुलांचे आईवडील बहुधा अधिक शिकलेले, अधिक मिळकतीचे असतात. मग श्रेय शाळेचे की घराचे? हे वेगळे काढणे सोपे नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशात २००८ पासून याचा एक चांगला प्रयोग केला. १८० गावांमध्ये सरकारी शाळेतील ज्या पालकांनी अर्ज केले, त्यांच्यातून सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेचा खर्च देण्यात आला. नंबर न लागलेली मुले होती तेथेच राहिली. दोन्ही गट सारख्याच घरचे होते. चार वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. इंग्रजीत खाजगी शाळेतील मुले किंचित पुढे होती. हिंदीत ती बरीच पुढे होती, कारण तेथे हिंदी शिकवली जात होती.

या प्रयोगाने खाजगी शाळांची आणखी एक बाजू दाखवली आणि ती आम्ही लपवणार नाही. खाजगी शाळांनी हे काम सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात आणि गणित-तेलुगूला कमी तास देऊन केले. त्यांच्या शिक्षकांचा पगार फारच कमी होता आणि प्रशिक्षणही कमी होते. म्हणजे सरकारी शाळेकडे शिकलेला, निवडलेला, चांगल्या पगाराचा शिक्षक आहे, पण त्याच्या ज्ञानाचा पुरेपूर लाभ मुलांपर्यंत पोहोचत नाही. हा दोष त्या शाळेचा आहेच. परंतु तो दूर करता येण्याजोगा आहे.

तो दूर केल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी शिकवण्याची पद्धत बदलली. तो अनुभव समोर ठेवून शासनाने जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला. २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना. अशा शाळांत गरिबांचीच मुले शिकतात.

इंग्रजीचा प्रश्न

"सगळं खरं, पण इंग्रजीचं काय?" असे पालक म्हणतात. इंग्रजी आलेच पाहिजे, यात दुमत नाही. प्रश्न एवढाच की ते कसे येते. ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, तेथे सहा वर्षांच्या मुलाला गणित, परिसर, सारे काही इंग्रजीतून शिकवले तर तो शब्द पाठ करतो, अर्थ राहून जातो. आधी ज्या भाषेत आई रागावते आणि आजी गोष्ट सांगते, त्या भाषेत वाचन-लेखन पक्के झाले की दुसरी भाषा त्यावर उभी राहते. बाबासाहेबांचे इंग्रजी जगाने वाखाणले. त्यांचे शिक्षणही आधी मराठीत झाले आणि इंग्रजी नंतर सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. अनेक शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. आपल्या गावच्या शाळेत ती नसेल तर पालकांनी एकत्र येऊन मागणी करावी.

सरकारी शाळा सोडताना काय सुटते?

हा भाग पालकांना फार उशिरा कळतो, म्हणून तो नीट वाचावा. जिल्हा परिषद शाळेत पहिली ते आठवी शिक्षण, पाठ्यपुस्तके आणि दुपारचे जेवण मोफत असते. याशिवायही दोन मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली, जवाहर नवोदय विद्यालय. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय अंबड येथे आहे. पाचवीत असताना परीक्षा होते आणि सहावी ते बारावी राहणे, जेवण, शिक्षण शासन करते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शुल्क पडत नाही. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. परंतु ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. खेड्यातून गाडीने जालना शहरातल्या शाळेत जाणारे मूल ही संधी गमावते आणि त्याच्या बापाला याची कल्पनाही नसते.

दुसरी, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला 'एन.एम.एम.एस.' म्हणतात. आठवीत परीक्षा होते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतील विद्यार्थ्यांनाच देता येते. विनाअनुदानित शाळेतील मुलाला ती देता येत नाही.

पंचवीस टक्के जागांविषयी

ज्यांना खाजगी शाळेतच मूल घालायचे आहे त्यांनी आधी हक्काची वाट पाहावी. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आहेत. अर्ज ऑनलाईन होतो आणि सोडतीने नंबर लागतो. शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला यातून सूट दिली होती. पालक न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. पालक जागे राहिले म्हणून हक्क टिकला.

मात्र एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा लाभ आठवीपर्यंतच आहे. नववीत गेले की पूर्ण फी सुरू होते, आणि त्या वेळी शाळा बदलणे मुलाला जड जाते. म्हणून पहिलीतच नववीची तजवीज करावी.

पट कमी झाला की काय होते?

आता आमच्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जिल्हा परिषद शाळेला किती शिक्षक मिळायचे हे पटावरून ठरते. आपण दहा घरांनी मुले काढली की पट उतरतो, पट उतरला की शिक्षकाचे पद जाते, एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येतात, शिकवणे आणखी ढिले पडते, आणि मग उरलेलेही म्हणतात, "तिथं काही शिकवत नाहीत." २०१७ साली राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवण्याचे ठरवले. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. अशा वेळी ज्याची ऐपत आहे तो गाडीने पोराला शहरात धाडतो. मागे कोण राहते? ऊसतोडीला जाणाऱ्याचे पोर, विधवा बाईचे पोर, आणि मुली.

याउलट सरकारी शाळेत पालकाला जो अधिकार आहे तो फी भरूनही मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. अनुदान कसे खर्च झाले, शिक्षक वेळेवर येतात का, जेवण कसे आहे, हे पाहण्याचा तिला अधिकार आहे. विनाअनुदानित शाळेत अशी समिती नसते. तेथे फीवर अंकुश ठेवण्यासाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे आणि त्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो. तेवढा अधिकार तरी पालकांनी वापरावा.

आम्ही आमचेच उदाहरण देतो. वस्तीजवळच्या शाळेच्या समितीवर आपल्या समाजाच्या दोन भगिनी होत्या. त्या सभेला जात नसत. सही घरी पाठवलेल्या रजिस्टरवर होई. त्याबद्दल आम्ही वर्षानुवर्षे गुरुजींना नावे ठेवली, पण सभेला कोणी गेले नाही. ही चूक आमची होती. पुढे मंडळाने ठरवून त्यांच्यासोबत महिन्याला एक सुशिक्षित सभासद पाठवायला सुरुवात केली. सभा व्हायला लागल्या, रिकाम्या पदासाठी पंचायत समितीकडे अर्ज गेला, आणि संध्याकाळी मंडळाच्या जागेत आमची कॉलेजची मुले तासभर वाचन घेऊ लागली.

सुरुवातीला ज्या मुलीचा उल्लेख केला तिच्या वडिलांनी तिला पाचवीत त्याच शाळेत घातले. आधीच्या शाळेने फी थकल्याचे कारण सांगून दाखला अडवला. परंतु दाखल्यास उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांनी तिला बसवून घेतले. वर्षभराने तिने आमच्या बैठकीत वर्तमानपत्रातील अख्खी बातमी वाचून दाखवली आणि तिचा अर्थही सांगितला.

मग निर्णय कसा घ्यावा?

सर्वांनी एकाच शाळेत जावे असा आमचा आग्रह नाही. ज्याला कर्ज न काढता परवडते, मुलगा-मुलगी दोघांनाही सारखे घालता येते आणि शाळा खरोखर शिकवते, त्याने खाजगी शाळा निवडावी. परंतु बूट, टाय आणि पिवळी गाडी पाहून निवडू नये. दाखल्यापूर्वी पुढील चौकशी करावी.

एक, त्या शाळेतील तिसरीच्या आणि पाचवीच्या दोन-दोन मुलांना भेटावे. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' या नावाने गावोगाव जी पाहणी करते ती अगदी साधी आहे: दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते का, हातच्याची वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते का. हीच चाचणी आपण घ्यावी. आपल्या मुलाचीही दर तीन महिन्यांनी घ्यावी.

दोन, गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले हे विचारावे.

तीन, फीबरोबरच गाडी, पुस्तके, शिकवणी धरून तेरा वर्षांची बेरीज करावी. कर्ज काढावे लागत असेल तर थांबावे.

चार, मूल जिल्हा परिषद शाळेत घातले तर वाचलेल्या पैशांतून पोस्टात आवर्ती ठेव सुरू करावी. अकरावी-बारावी, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा या वेळी पैशाची खरी गरज पडते, आणि नेमके तेव्हाच आपल्या घरात काही उरलेले नसते.

पाच, शाळा कोणतीही असो, रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाजवळ बसावे. वाचता येत नसेल तरी बसावे. "आज काय शिकलास, मला समजावून सांग," एवढे म्हणावे.

आमच्या अभ्यासाचे सार असे की केवळ फी भरल्याने शिक्षण विकत मिळत नाही आणि केवळ मोफत आहे म्हणून सरकारी शाळेत ते आपोआप येत नाही. दोन्हीकडे पालकाला लक्ष घालावेच लागते. मग जेथे लक्ष घालण्याचा अधिकार कायद्याने आपल्या हाती दिला आहे आणि जेथे आपल्या लक्ष घालण्याने शेजारच्या गरिबाच्या मुलाचेही भले होते, त्या शाळेकडे पाठ फिरवण्यापूर्वी प्रत्येकाने दोनदा विचार करावा, ही नम्र विनंती.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी शाळेवर वर्षाला एकूण किती खर्च होतो? मुलावर किती आणि मुलीवर किती?
२. आपल्या गावातील जिल्हा परिषद शाळेचा पट पाच वर्षांपूर्वी किती होता, आज किती आहे?
३. तेथील शाळा व्यवस्थापन समितीवर आपल्या समाजाचे कोण आहे? गेली सभा केव्हा झाली?
४. नवोदय आणि एन.एम.एम.एस. परीक्षेला यंदा आपल्या वस्तीतून किती मुले बसणार आहेत? त्यांची तयारी कोण करून घेणार?

जयभीम!